पीएचडीला रकाना नाही

मोह पडायला लागला की माझं डोकं फिरतं. इतरांचं फिरायला मोहाची दारू लागते, मला नुसता वास पुरतो. मार्च सरत आला की सकाळी खिडकी उघडल्याबरोबर तो गोडसर, जड, किंचित आंबलेला वास घरात शिरतो आणि मी चहा ठेवता ठेवता भांडी आदळायला लागते. आईला वाटतं, मला ऊन बाधतं. ऊन नाही बाधत. याच दिवसांत आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा लागतात, आणि दर वर्षी कोणीतरी एक विद्यार्थी वहीवर सही झाल्यानंतरही टेबलापाशी रेंगाळतो. पेनाचं टोपण काढतो, लावतो. मला लगेच कळतं, आता हा विचारणार.

"मॅडम, एमएस्सी करू का?"

यंदा विचारणारी मुलगी पोंभुर्ण्याकडची होती. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, आकृत्या इतक्या सुबक काढणारी की छापल्यासारख्या वाटाव्यात. मी म्हटलं, "घरी विचार." ती म्हणाली, "घरी म्हणतात मॅडमले विचार." झालं. तिच्या घरचे माझ्याकडे बोट दाखवतात आणि माझ्या घरचेही माझ्याकडेच बोट दाखवतात, फक्त उलट्या अर्थानं. गोंडपिपरीच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथं एखादी मुलगी बारावीनंतर पुढं शिकायचं म्हणाली की तिचा बाप म्हणतो, "बेबीचं पाहून घे अगोदर." बेबी म्हणजे मी. वय वर्षं सदतीस, वनस्पतिशास्त्रात एमएस्सी, सेट, पीएचडी, आणि गेली अकरा वर्षं तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राध्यापक. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याच तासांचे पैसे. सुट्टीचे नाहीत, परीक्षेचे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत. यात तत्त्व कुठलं आहे, ते मला अकरा वर्षांत कोणी सांगितलेलं नाही.

मागे एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्या बाईंनी पोहे खाता खाता आईला विचारलं, "पोरगी पगारी हाये का तासावर?" आईला वाटलं, तासावर म्हणजे काहीतरी वरची जागा. ती आनंदानं म्हणाली, "तासावर हाये!" ते लोक पुन्हा आले नाहीत.

वर्गातही निराळं काही नाही. मी फळ्यावर मुळाचा आडवा छेद काढत असते, पाठीमागून प्रश्न येतो, "मॅडम, हे भरतीले येते का?" येत नाही. भरतीच्या परीक्षेला भारतातील सर्वांत लांब नदी येते. मग पेनं खाली ठेवली जातात. त्यांचंही काय चुकतं? पण त्या वेळी खडू फेकून द्यावासा वाटतो. फेकत नाही. तास भरायचा असतो.

तर मोहाचा वास. तो वास मला सहा वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात नेऊन सोडतो. मी कितीही म्हटलं की नको, तरी नेतो.

त्या वर्षी माझी पीएचडी नुकतीच पदरात पडली होती. जाड काळ्या बांधणीच्या चार प्रती झाल्या होत्या. एक विद्यापीठात गेली, एक मार्गदर्शकांकडे, एक कॉलेजात, आणि चौथी आमच्या घरी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर. बाबांनी तिला हळदकुंकू वाहिलं होतं. बाबांची सारी हयात बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात पाळ्या करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर गावी येऊन ते कापूस आणि धान करायला लागले. ते पाहुण्यांना सांगत, "इतकी वर्षं कागद बनवला, पाहुणे, त्यातला निम्मा एकट्या बेबीच्या झेरॉक्सले गेला." हे ते तक्रारीच्या सुरात सांगत, पण पाहुण्यांना ती प्रत दाखवल्याशिवाय जाऊ देत नसत.

पीएचडीनंतर कायमची जागा निघेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. निघाली ती वनरक्षकाची जाहिरात. पात्रता: बारावी विज्ञान. माझ्या वयाची अट संपायला सात महिने उरले होते. मी कोणाला न सांगता तालुक्याच्या नेट कॅफेत गेले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर ओढणी डोक्यावरून घेऊन बसले. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम? तुमी इथी?"

सुनीता. बीएस्सी दुसऱ्या वर्षाची माझी विद्यार्थिनी. वैनगंगेच्या पलीकडची, गडचिरोलीच्या आत जंगलातल्या एका गोंड पाड्यावरची मुलगी. वसतिगृहात राहायची, तास चुकवायची नाही, आणि झाडांची अशी नावं सांगायची जी माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. मी घाईघाईनं म्हटलं, "एका नातेवाईकाचा फॉर्म भरायचा आहे." ती मान हलवून पाठीमागं उभी राहिली. आणि त्याच क्षणी कॅफेवाला पूर्ण दुकानाला ऐकू जाईल असा ओरडला, "वनरक्षकवाल्या मॅडम! तुमचा फोटो अपलोड नाई होऊन राह्यला!"

सुनीता हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी बी तोच फॉर्म भरून राह्यलो, मॅडम. संगं पळू." आमच्याकडे बायाही येतो, जातो, करतोच म्हणतात. पुण्याहून आलेल्या एका बाहेरच्या परीक्षकांनी तिला एकदा यावरून टोकलं होतं, "तू मुलगा आहेस का?" तिला प्रश्न कळलाच नव्हता.

लेखी परीक्षा दोघी पास झालो. माझे गुण चांगले होते. झाडं, प्राणी, जंगल यावरचे सगळे प्रश्न मला आले, भारतातील सर्वांत लांब नदीसुद्धा आली. राहिली होती धाव. तीन किलोमीटर, आणि जितका वेळ कमी तितके गुण जास्त. मी शाळा सोडल्यापासून बसस्टँडापलीकडे कधी धावले नव्हते.

म्हणून त्या महिन्यात सुनीता आमच्या घरी राहायला आली. उजाडता उजाडता आम्ही डांबरी रस्त्यावर उतरायचो. त्या भागात वाघ दिसल्याची बातमी होती, त्यामुळे बाबा जुन्या स्कूटरवर आमच्या मागून येत आणि दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवत. पुढं दोन बाया धावताहेत, मागं बासष्ट वर्षांचा माणूस स्कूटरवरून हॉर्न देतोय, असा आमचा तांडा निघायचा. दोन्ही बाजूंना मोहाची झाडं. रात्रभर फुलं पडून झाडाखालची जमीन फिकट पिवळी झालेली असे. पाचोळा झाडून साफ केलेल्या गोल अंगणासारख्या जागेत बाया वाकून फुलं वेचत. पायाखाली एखादं फूल आलं की फट्ट असा बारीक आवाज व्हायचा आणि बुटाचा तळ चिकट होऊन जायचा. पुढच्या आठवड्यातही त्या बुटांना तोच वास.

वेचणाऱ्यांत आमच्या शेजारच्या जनाबाई असायच्या. त्या पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "काऊन व बेबी, कोण लागलं मागं?"

मी धापा टाकत म्हटलं, "कोणी नाही. नोकरीसाठी पळतेय."

"शिकली ना तू इतकी? मंग पळतं कायले?"

 बोलायला माझ्याकडे श्वास नव्हता. सुनीता मात्र न दमता म्हणाली, "शिकल्यावर बी पळा लागते, बाई." जनाबाईंना हे पटलं असावं, कारण त्या पुन्हा वाकल्या.

सुनीता अनवाणी धावायची. बूट घेऊन दिले तर म्हणाली, "पायाले काही समजत नाई याच्यात." ती माझ्यापुढं शंभर पावलं जायची, वळून परत यायची, पुन्हा पुढं जायची. म्हणजे मी तीन किलोमीटर पळायचे तेव्हा तिचे पाच होत. मधूनच थांबून झाडाकडे बोट दाखवायची. "मॅडम, त्या फांदीवर बांडगूळ हाये, त्याले फूल आलं." मी म्हणायचे, "नंतर." मी शास्त्रज्ञ, मी म्हणायचे नंतर! आणि माझी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी वर पाहत उभी राहायची. मला तिचा राग यायचा. स्वतःचा जास्त यायचा. पाच वर्षं ज्या रानात मी कागद, पेन्सिल, चिमटा घेऊन एकेका पानाशी बसले, त्याच रानातून आता मी घड्याळाकडे बघत पळत होते.

धावेचा दिवस आला. मैदान चंद्रपूरला होतं. आम्ही दोघी आदल्या दिवशी एसटीनं बल्लारपूरला जाऊन माझ्या आत्याकडे मुक्काम केला आणि सकाळी सहाला मैदानावर हजर झालो. शेकडो मुली. त्यांतल्या बहुतेक माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. चौघीजणी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाल्या. त्या सकाळी ती चार गुड मॉर्निंग माझ्या अंगावर चार दगडांसारखी आली.

धावण्याआधी कागदपत्रांची तपासणी होती. टेबलामागच्या कारकुनानं माझी फाइल उघडली. एमएस्सी. सेट. पीएचडीचं प्रमाणपत्र, सोनेरी शिक्क्याचं. त्यानं एकेक कागद उलटला आणि मान वर करून विचारलं, "बारावीची मार्कशीट कुठी हाये?"

मी आणली नव्हती. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वरची पायरी असली म्हणजे खालची असणारच, असं मला वाटलं. मी तेच त्याला सांगितलं. "अहो, बारावी झाल्याशिवाय पीएचडी कशी होईल?"

"ते बरोबर हाये, मॅडम." तो माणूस अजिबात उद्धट नव्हता, हेच सगळ्यात वाईट. "पण इथी बारावीचा रकाना हाये. पीएचडीले रकाना नाई. मी लिहू कुठी?"

मागं रांग खोळंबली होती. सुनीता माझ्या पाठीशी उभी राहून सगळं ऐकत होती. कारकुनानं घड्याळ पाहिलं. "दहापर्यंत आणा. दहानंतर टेबल उठते."

मी बाबांना फोन केला. गाव ते चंद्रपूर, मधे कोठारी, बल्लारपूर, कोळशाचे ट्रक. बाबा म्हणाले, "मार्कशीट कुठी हाये?" मी म्हटलं, "लोखंडी पेटीत. निळ्या पिशवीत." ते म्हणाले, "ठेव फोन."

साडेतीन तास म्हणजे किती, ते मला त्या दिवशी कळलं. मैदानाच्या कडेला एका कडुनिंबाखाली मी बसून राहिले. मुली गटागटानं धावत होत्या, शिट्टी वाजत होती, कोणी धाव संपल्यावर ओकत होती, कोणी आईच्या गळ्यात पडून रडत होती. सुनीताचा गट पुकारला गेला. ती गेली नाही. तिनं शिपायाला जाऊन काहीतरी सांगितलं आणि स्वतःचं नाव शेवटच्या गटात लावून घेतलं. मी म्हटलं, "वेडी आहेस का? ऊन चढेल." ती म्हणाली, "ऊन तुमाले बी चढन ना."

पावणेदहाला फाटकातून बाबांची स्कूटर आत आली. डोक्याला पंचा गुंडाळलेला, चेहऱ्यावर कोळशाची धूळ, डोळे लाल. त्यांना निळी पिशवी नीट ओळखता आली नसावी किंवा वेळ नको घालवायला म्हणून असेल, त्यांनी पेटीतलं सगळंच आणलं होतं. टेबलापाशी जाऊन ते एकेक कागद मांडायला लागले. चौथीच्या शिष्यवृत्तीचं प्रमाणपत्र. सातवीतल्या निबंध स्पर्धेचं. दहावीची मार्कशीट, बारावीची, बीएस्सीची तिन्ही वर्षांची.

कारकून म्हणाला, "काका, बस झालं. भेटली बारावी. बाकीचे उचला."

"पाहा त सही," बाबा म्हणाले.

"गरज नाई, काका."

"गरज नाई त नाई. पाह्यले काय लागते?"

कारकुनानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यानं चौथीचं ते पिवळं पडलेलं प्रमाणपत्र हातात घेतलं, वरून खालपर्यंत वाचलं, आणि परत दिलं. "हुशार हाये पोरगी," तो म्हणाला. मला जमिनीत जावंसं वाटलं. आजही ते आठवलं की मी हातातलं काम टाकून उठते.

शेवटच्या गटात आम्ही धावलो. साडेदहाचं ऊन, मैदानाची लाल माती, सात फेऱ्या आणि वर थोडं. पहिल्या दोन फेऱ्या मी बरी होते. तिसऱ्या फेरीत कुशीत कळ आली. चौथ्या फेरीत मला दिसलं की सुनीता माझ्या बाजूनं चालली आहे. धावत नव्हती ती, माझ्या वेगानं नुसती चालल्यासारखी सरकत होती. माझ्यापुढं शंभर पावलं असायला हवी होती ती मुलगी.

"पुढं जा," मी म्हटलं.

"नाई, मॅडम. श्वास नाकानं घ्या. माझ्या पायाकडे पाहा."

"सुनीता, पुढं जा. तुझे गुण जातील."

"जाऊ द्या. संगं पळू म्हटलं होतं ना."

आणि मग माझा जो काही संताप साचला होता, जाहिरातीचा, रकान्याचा, चौथीच्या प्रमाणपत्राचा, तो सगळा त्या मुलीवर फुटला. मी धावता धावता किंचाळले. "पळ म्हणते ना! थांबलीस तर प्रॅक्टिकलला नापास करीन तुला! वहीवर सही करणार नाही! ऐकू येतंय का? शून्य देईन, शून्य!"

कडेला उभे असलेले लोक हसले. सुनीतानं एकदा माझ्याकडे पाहिलं. ती घाबरली होती, खरंच घाबरली होती, कारण मी वर्गात कधी आवाज चढवला नव्हता. आणि ती सुटली. हरणासारखी वगैरे नाही, चिडलेल्या मुलीसारखी सुटली. तळवे मागं उडत होते, माती उडत होती. तिनं एकेक करून पुढच्या अकरा मुली मागं टाकल्या. मी उरलेल्या तीन फेऱ्या अर्ध्या धावत, अर्ध्या फरपटत पुऱ्या केल्या. शिट्टी माझ्या आधीच वाजली होती.

मला मिळालेल्या पदव्यांचा आजवर कोणाला उपयोग झाला असेल तर तो त्या एका धमकीपुरता झाला.

संध्याकाळी बाबा आणि मी स्कूटरवरून परत निघालो. सुनीता एसटीनं गेली. कोठारीला चहासाठी थांबलो. बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बारावीवरच थांबवलं असतं तुले, त बरं झालं असतं."

बस, एवढंच. त्यांनी ते रागानंही म्हटलं नव्हतं. दिवसभराचा थकवा होता, कोळशाची धूळ होती, घसा बसला होता. पण माझ्या हातातला कप तसाच राहिला. ज्या माणसानं माझ्या प्रबंधाला हळदकुंकू वाहिलं, तोच हे बोलला. पुढचा पूर्ण रस्ता मी त्यांच्या पाठीमागं बसून होते आणि त्यांच्या शर्टाला धरलं नाही. घरी गेल्यावर जेवले नाही. सकाळी उठून पाहिलं तर बाबा ओसरीत बसून सगळे कागद पुन्हा एकेका प्लास्टिकच्या पाकिटात घालत होते, चौथीपासून क्रमानं. मी विचारलं, "आता कशाला?" ते म्हणाले, "भिजतीन ना पावसात." त्यांनी ते वाक्य कधी मागं घेतलं नाही आणि मीही कधी काढलं नाही. आजही जाहिरात निघाली की ते पेपर माझ्यापुढं सरकवतात. वयाची अट मी केव्हाच ओलांडली आहे, हे त्यांना दर वेळी नव्यानं सांगावं लागतं.

सुनीता निवडली गेली. दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आणि प्रशिक्षणाला निघून गेली. तिसरं वर्ष राहिलं. गावात सगळे म्हणाले, पोरगी वेळेत सुटली. सुटली! जणू शिक्षण म्हणजे विहीर आणि सुनीताला कोणीतरी वर काढलं. जायच्या आदल्या दिवशी ती मला भेटायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, "छान झालं." ती म्हणाली, "मॅडम, तुमी सही केली होती ना वहीवर?" मी म्हटलं, "केली होती." एवढंच बोलणं झालं. ती गेल्यावर मला वाटलं, मी तिला बाहेर ढकललं. चांगल्यासाठी ढकललं, पण ढकलली मीच.

मग पाच-सहा वर्षं गेली. अधूनमधून फोन यायचा. तिची बीट, म्हणजे तिच्या राखणीचा पट्टा, कुठल्या जंगलात आहे, किती चालावं लागतं, आगी कशा लागतात. आईला घर बांधून दिलं. मी ऐकायचे आणि फोन ठेवल्यावर मला हलकंही वाटायचं आणि जळजळही व्हायची. दोन्ही एकदम. लपवण्यात अर्थ नाही.

या वर्षीच्या मार्चमध्ये ती कॉलेजात आली. खाकी गणवेश, मोटरसायकल, उन्हानं रापलेला चेहरा. मी परीक्षेच्या वह्या तपासत होते. ती समोर बसली आणि म्हणाली, "मॅडम, तिसरं वर्ष करायचं हाये."

मी पेन खाली ठेवलं. "कशाला?"

"राहून गेलं ना."

"पदोन्नतीला लागतं का?"

"नाई."

"पगार वाढतो?"

"नाई जी."

"मग कशाला, सुनीता?" माझा आवाज चढला. "इथं काय ठेवलंय? माझ्याकडे बघ. तुला नोकरी आहे, कायमची आहे. ज्यांच्याकडे पदवी आहे ते तुझ्यासारखी नोकरी मिळावी म्हणून रोज सकाळी रस्त्यावर पळतात. आणि तू उलटी परत येतेस?"

 ती म्हणाली, "अर्धं राह्यलं ते टोचते. दुसरं काही नाई."

मी तिला कार्यालयात घेऊन गेले, कारण नियम तिला कोणीतरी तोंडावर सांगायला हवेच होते. कारकुनानं संगणकात पाहिलं. जुना अभ्यासक्रम बंद झाला. नव्यात यायचं तर पुन्हा पहिल्या वर्षापासून. शास्त्र शाखेला रोजची हजेरी, रोजची प्रॅक्टिकलं, म्हणजे नोकरी सोडावी लागेल. त्यापेक्षा घरबसल्या बीए करा, असं त्यानं सुचवलं. बीए म्हणजे पदवीच की.

सुनीता म्हणाली, "बीए नको. मले हेच पाह्यजे."

कारकून म्हणाला, "हे नाई होत."

मला वाटलं, संपलं. बाहेर आल्यावर ती मोटरसायकलला किल्ली लावेल आणि जाईल. तिनं किल्ली खिशातच ठेवली. "मॅडम, शनिवारी कॉलेज खुल्लं राह्यते? मले महिन्यातून दोन शनिवार सुट्टी असते. नाव नाई लिहिलं त चालन."

"नाव नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. मग येऊन करशील काय?"

"पाहीन," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत शनिवार आला.

त्या शनिवारी तिनं स्टीलच्या छोट्या डब्यातून, ओल्या कापसात गुंडाळून, एक बोटभर उंचीचं झाड आणलं होतं. तिच्या बीटमधल्या नाल्याच्या ओल्या रेतीत उगवलेलं. फुलं जांभळट, तांदळाच्या दाण्याएवढी. "याचं नाव ना आमच्याकडे कोणाले माहीत, ना साहेबांले," ती म्हणाली. "तुमी सांगा."

मी हातात घेऊन पाहिलं. पानं समोरासमोर, खोड चौकोनी. कूळ कुठलं असेल याचा अंदाज आला. त्यापुढं काही येईना. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "मला माहीत नाही."

कोण जाणे किती वर्षांनी मी हे वाक्य बोलले. नोकरीच्या मुलाखतीत ते बोललं की गेली जागा. वर्गात बोललं की गेला मान. सुनीताला मात्र आनंद झाला. "मंग पाहू ना!" म्हणून तिनं स्टूल ओढलं.

आम्ही वनस्पतींची ओळख पटवायचं जाडजूड पुस्तक काढलं. सुईनं फूल उघडलं. भिंगाखाली ठेवलं. एकेका प्रश्नाचं उत्तर देत पुढं सरकायचं असतं त्यात: पाकळ्या जुळलेल्या की सुट्या, बीजकोश कसा, पुंकेसर किती. तिथं आम्ही अडलो. मी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "दोन."

तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "चार हायेत, मॅडम."

"दोन आहेत. परागकोश दोनांनाच आहेत."

"दोनालेच हायेत. पण खाली अजून दोन हायेत, पिवळे, आखूड. त्यायले परागकोश नाई."

मी तिला बाजूला सारून पुन्हा डोळा लावला. खरंच होते. घशाच्या आत, खूप खाली, दोन वांझ पुंकेसर. पराग नाही, काही नाही. नुसते उभे.

"ते धरायचे नसतात," मी म्हटलं. "ते बिनकामाचे आहेत."

"बिनकामाचे हायेत," सुनीता म्हणाली, "पण हायेत ना?"

मी पुस्तकाचं पान उलटलं. पुढचा प्रश्न नेमका तोच होता: वांझ पुंकेसर आहेत की नाहीत? असतील तर एकीकडे, नसतील तर दुसरीकडे. त्यावरून झाडाची जात ठरत होती.

प्रयोगशाळेचे मारोतीभाऊ कुलूप घेऊन दाराशी येऊन उभे राहिले. "मॅडम, बंद करू का?"

"दहा मिनिटं," मी म्हणाले.

सुनीतानं भिंगावरून डोळा काढला नाही. "अर्धा तास लागन, भाऊ," ती म्हणाली. "तुमी बी या, पाहा."